नाचणगावचं परराष्ट्र खातं

२०२५ साली पोळ्याच्या तीन दिवस आधी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं. नाचणगावच्या शिवारात तेव्हा पऱ्हाटीनं पाती-फुलं धरली होती आणि घराघरांत झुली, बाशिंगं, घुंगरमाळा माळ्यावरून खाली उतरत होत्या. सवलत ३० सप्टेंबरपर्यंतचीच होती. तोवर आपला कापूस घरात येत नाही, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग २७ ऑगस्टला गणपती बसले. त्याच दिवशी अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू केलं. दुसऱ्या दिवशी दिल्लीनं कापसाची सवलत थेट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून दिली.

दसरा ते नाताळ हा आपला वेचणीचा हंगाम. पहिल्या बोंडांना हात लावण्याआधी शेतात सीतादही होतं, पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि मग बायका ओट्या बांधून तासात शिरतात. ज्याच्याकडे साठवायला जागा नाही आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर आहे, तो नोव्हेंबर-डिसेंबरातच काट्यावर येतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत परदेशी रुई बिनशुल्क बंदरात उतरणार होती, त्यातलेच अडीच-तीन महिने या माणसाचे विक्रीचे. निर्णय वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यामध्ये झाला आणि त्याचा बोजा देवळी तालुक्यात उतरला.

नाचणगाव पुलगावला खेटून आहे, वर्ध्याहून तीस-पस्तीस किलोमीटरवर. इथल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर सकाळी तास काढा. गाझात काय चुकलं, युक्रेननं काय करायला हवं होतं, ट्रम्प तात्यांना नक्की काय झालंय, सगळ्यावर मत तयार असतं आणि ते ठासून मांडलं जातं. पण कापसावरचं शुल्क किती होतं, कधी उठलं, कधी परत लागणार, असं विचारलं की पेपर चाळला जातो. यात हसण्यासारखं काही नाही. शहरातल्या सुशिक्षित घरांतही हेच आहे, फक्त चहाच्या जागी कॉफी. जगाबद्दल मत असणं म्हणजे जगाच्या कारभारात लक्ष असणं, असा आपला समज झाला आहे. माझ्या मते गडबड इथंच आहे. मत फुकट मिळतं, लक्ष द्यायला हिशेब लागतो. तो हिशेब एकाच धाग्याचा केला तरी पुष्कळ झालं. आपल्या घरात परदेशातून जे येतं किंवा आपल्या घरातून परदेशात जे जातं, त्यातलं एक काहीतरी धरायचं आणि त्याचा शेवटपर्यंत माग काढायचा. नाचणगावला तो धागा शोधायला लांब जावं लागत नाही.

न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये सांगतात. २०२५च्या हंगामाच्या तोंडावर तो ६५ सेंटच्या आसपास होता. आपल्याकडे रुईचा सौदा खंडीवर होतो. खंडी ३५६ किलोची, म्हणजे साधारण ७८४ पौंडांची. गुणाकार केला की खंडीचे ५१० डॉलर होतात. डॉलर ८८ रुपयांना धरला, तर झाले ४४,८०० रुपयांच्या वर. जहाजाचं भाडं आणि विमा वेगळा. या रकमेवर ११ टक्के शुल्क म्हणजे सुमारे ४,९०० रुपये. एका क्विंटल कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई पडते, तेव्हा एक खंडी भरायला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. ४,९०० ला साडेदहानं भागा. क्विंटलमागे ४७० रुपये येतात. शुल्क होतं तेव्हा परदेशी रुईच्या वाटेवर एवढ्या उंचीचा बांध होता, तो सवलतीनं फोडला.

हे गणित जिनिंगवाल्याला तोंडपाठ असतं. त्याच्या मोबाईलवर न्यूयॉर्कचा आकडा, डॉलरचा भाव आणि सरकीचा भाव एकाखाली एक दिसतात. समोर गाडी घेऊन उभा असलेला शेतकरी विचारतो, "काहून पडला जी भाव?" उत्तर मिळतं, "सरकी तुटली." ते कधी खरं असतं, कधी अर्धं खरं. खरं किती, हे पडताळायचं साधन शेतकऱ्याच्याही खिशात असतं. त्याच फोनवर, त्याच इंटरनेटवर.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे ४७० रुपये कुणीतरी आपल्या खिशातून काढून नेले, असं सरळ म्हणता येत नाही. अमेरिकेच्या शुल्कानं तिरुपूरच्या कपड्यांच्या आणि सोलापूरच्या टॉवेलच्या ऑर्डरी धोक्यात आल्या. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, आणि तिथं काम करणारी माणसंही कुणाची तरी पोरं आहेत. पुलगावनं स्वतःची कापडगिरणी बंद पडताना पाहिली आहे, तेव्हा गिरणी कामगाराचं दुःख इथं कुणी शिकवायला नको. आक्षेप एवढाच की, या दोघांच्या पोटाचं वजन करताना एका पारड्यातला माणूस खोलीत होता आणि दुसरा शेतात डवरणी करत होता.

हे काही पहिल्यांदा घडत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीकडे इंग्रजांची नजर वळली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात घेतलं जाऊ लागलं. पुढं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्तही नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कारनॅक. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. पुढं पुलगाव-आर्वी ही पस्तीस किलोमीटरची अरुंद लाइन झाली, आपली शकुंतला. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सनचा. हेतू एकच, आर्वीकडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत आणि तिथून जहाजापर्यंत पोहोचवणं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. म्हणजे स्वतंत्र भारतातही पुलगाव स्टेशनच्या एका फलाटावर परराष्ट्र व्यवहार उभा होता, शिट्टी वाजवत.

पण वर्धा जिल्ह्यानं जगाचं नुसतं सोसलं असं नाही. जगाशी बोलायचं कसं, याचा पाठ याच मातीत गिरवला गेला आहे, आणि तो आपण जवळजवळ संग्रहालयात ठेवून दिला आहे. सेवाग्रामला सहली जातात. व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवलेल्या हॉटलाइनच्या टेलिफोनसमोर फोटो निघतात. व्हाइसरॉयला गांधीजींच्या या कुडाच्या झोपडीशी थेट लाइन का जोडावी लागली, हा प्रश्न मात्र फोटोत येत नाही.

२३ जुलै १९३९ ला गांधीजींनी वर्ध्याचा पत्ता घालून हिटलरला पत्र लिहिलं. युद्ध टाळणं ज्याच्या हाती आहे असा जगात आज एकच माणूस दिसतो, तो तुम्ही, असं त्यात होतं. ब्रिटिश सरकारनं ते पत्र पुढं जाऊ दिलं नाही. महिन्याभरानं युद्ध सुरू झालं. व्हाइसरॉयनं भारतीयांना न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात जमली आणि १४ सप्टेंबरला तिनं एक निवेदन काढलं. नेहरूंनी मसुदा केलेल्या त्या निवेदनात ब्रिटनला एक सरळ प्रश्न होता: हे युद्ध लोकशाहीसाठी आहे म्हणता, तर त्या लोकशाहीत आम्ही बसतो की नाही? फॅसिझमचा निषेध आणि साम्राज्याला जाब एकाच कागदावर होते. तीन वर्षांनी, १४ जुलै १९४२ ला, पुन्हा वर्ध्यातच ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्यात इंग्रजांनी सत्ता सोडावी ही मागणी होतीच, पण जपानचं आक्रमण रोखायला आणि चीनला मदत पोहोचायला दोस्तांचं सैन्य भारतात राहायला हरकत नाही, हेही होतं. घोषणा सगळ्यांना आठवते, हे कलम कुणाला आठवत नाही. खरं परराष्ट्र धोरण त्या कलमात आहे.

त्याच उन्हाळ्यात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामात राहिला. गांधीजींनी रूझवेल्टना लिहिलेलं पत्र त्याच्या हस्ते गेलं. चीनच्या चँग कै-शेकला पत्र गेलं, जपानी जनतेला उद्देशून जाहीर पत्र निघालं. पत्रं पोहोचली किती, परिणाम किती झाला, हा वेगळा हिशेब आहे आणि तो फार उत्साहवर्धक नाही. तरी कागद नेमक्या माणसाच्या नावानं, तारीख घालून, एकच मागणी ठेवून लिहिला जात होता. आजच्या ‘फॉरवर्ड’मध्ये यातलं एकही नसतं.

मोठ्या नेत्यांचं सोडून द्या. १९३८ मध्ये जपाननं चीनवर चालवलेल्या हल्ल्याच्या वेळी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ७ ते ९ जुलै या दिवसांत चीनसाठी निधी गोळा करायचं आवाहन केलं आणि २२ हजार रुपये जमले. त्या काळात, परक्या देशासाठी, पारतंत्र्यातल्या लोकांकडून. त्या पैशावर पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून १ सप्टेंबरला चीनला निघालं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. ते ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, पन्नाशी ओलांडलेले, पथकातले सर्वांत ज्येष्ठ. नागपुरातला एक वयस्क डॉक्टर जपानी बॉम्बखाली जखमा शिवायला गेला, ही आपल्या भागाची गोष्ट आपल्याच पोरांना सांगायची राहून गेली.

याची उलट बाजूही सांगतो, नाहीतर कीर्तन होईल. १९६२च्या चीन युद्धानंतर, मार्च १९६३ मध्ये, सर्वोदयी नेते शंकरराव देव दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा घेऊन पायी निघाले. विनोबांच्या ‘जय जगत’चा तो काळ. आपल्याच देशातल्या लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवलं आणि चीननं दार उघडलं नाही. यात्रा आसामात थांबली. नागरिकांनी परस्पर दुसऱ्या देशाशी मैत्री करायला जावं, हे कोणत्याच सरकारला रुचत नाही. भावना शुद्ध असली म्हणून वाट मिळते असं नाही. माझा कल म्हणूनच दुसऱ्या रस्त्याकडे आहे: परक्या सरकारला भेटायला जाण्याआधी आपल्या सरकारला गाठावं.

त्याचा नमुना पाहायचा तर नव्वदीत या. १९९१च्या अखेरीस जागतिक व्यापार कराराचा डंकेल मसुदा आला आणि विदर्भातल्या पारांवर, बाजार समित्यांच्या ओट्यांवर, एसटीच्या थांब्यांवर ‘गॅट’ हा शब्द रुजला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघटनेत नोकरी केलेली. नोकरी सोडून ते आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले होते. आंतरराष्ट्रीय कागद कसा वाचायचा हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शेतकऱ्यांना दाखवून दिलं की भारत सरकारच्याच आकड्यांनुसार इथल्या शेतीला मिळणारं अनुदान उणे आहे. म्हणजे सरकार देत नाही, उलट काढून घेतं. खुला बाजार येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. इकडे आपल्याच जिल्ह्यातले विजय जावंधिया नेमकं उलट सांगत होते: अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला अनुदान देऊन जगाचा भाव पाडते, त्या बाजारात आपला कोरडवाहू शेतकरी उघडा पाडू नका. सभांमध्ये जुंपायची. सातवी-आठवी शिकलेला माणूस डंकेल कोण, जिनिव्हात काय चाललंय, यावर दोन्ही बाजूंनी भांडायचा, आणि आकडे घेऊन भांडायचा. कोण बरोबर होतं, हा वाद अजून मिटलेला नाही. पण महाराष्ट्राच्या खेड्यानं आंतरराष्ट्रीय कराराकडे इतक्या बारकाईनं त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

जावंधियांच्या मुद्द्याला पुढं जगातून साक्ष मिळाली. ब्राझीलनं २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि जिंकली. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरवर तडजोड झाली. जुलै २००३ मध्ये माली आणि बुर्किना फासोच्या राष्ट्राध्यक्षांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून अमेरिकेच्या वाचकालाच विचारलं, तुमच्या अनुदानानं आमचा शेतकरी मरतोय त्याचं काय? आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पारडं फिरलं. अमेरिकेनंच संघटनेच्या शेती समितीत कागद ठेवला की भारत कापसाला बेकायदा आधार देतो. मर्यादा उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्के, अमेरिकेच्या हिशेबानं भारताचा आकडा ५३ ते ८१ टक्के. कसा? तर आजचा हमीभाव १९८६-८८ च्या गोठवलेल्या भावाशी ताडून. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०, आणि ओलावा जास्त म्हणून किंवा पैशाची घाई म्हणून जो शेतकरी त्याखाली खेडाखरेदीत माल देतो, त्यालाही जिनिव्हात भरघोस आधार मिळालेला दाखवता येतो. हा कागद जाहीर आहे, कुणालाही वाचता येतो.

आता रचनेचा एक मुद्दा, जो शाळेत नागरिकशास्त्रात सुटून जातो. शेती राज्याच्या सूचीत आहे. परराष्ट्र व्यवहार आणि करार केंद्राच्या. आणि आपल्याकडे करार लागू व्हायला संसदेची आधी मान्यता घ्यावीच लागते असं नाही. सरकार सही करतं, संसद नंतर चर्चा करते, केली तर. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार लागू झाला. त्यात दरवर्षी ५१,००० टन, म्हणजे तीन लाख गाठी कापूस बिनशुल्क आणायची मुभा आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, अमेरिकेशी बोलणी चालू होती. म्हणून नागरिकानं बोलायची वेळ सहीच्या आधीची असते. भाव पडल्यावर तहसीलवर नेलेला मोर्चा हा फार उशिरा भरलेला अर्ज आहे.

मग करायचं काय? माहिती अधिकारात दहा रुपये भरून वाणिज्य किंवा वस्त्रोद्योग मंत्रालयाला विचारता येतं: सवलत देण्याआधी शेतकऱ्यांवरच्या परिणामाचा अभ्यास केला होता का, कुणाची निवेदनं आली होती? तीस दिवसांत उत्तर यायला हवं. परराष्ट्र संबंधांना बाधा येईल म्हणून कलम ८ दाखवून नकार येऊ शकतो, आणि येतोही. तो नकारही जपून ठेवावा, पुढच्या पत्राला जोडता येतो. संसदेच्या स्थायी समित्या अधूनमधून जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवतात; ती जाहिरात आपण निविदा सूचना समजून पान उलटतो. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर राहतात. तिथं ‘कापूस’ आणि ‘आयात’ हे दोन शब्द इंग्रजीत टाकून एक संध्याकाळ घालवली, तर टीव्हीवरच्या वर्षभराच्या चर्चांपेक्षा जास्त हाती लागतं. इंग्रजीची भीती आता फारशी उरलेली नाही, कॉलेजातल्या पोरीच्या फोनमध्ये भाषांतर आहे. आणि वर्ध्यात, अर्ध्या-पाऊण तासावर, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथं परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात, आपली मुलं चिनी, जपानी, स्पॅनिश शिकू शकतात. त्या परदेशी मुलांना शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला बोलवायला एक फोन पुरतो.

कापूस नसला तर दुसरा धागा धरा. डीएपीची १,३५० रुपयांची बॅग २०२५च्या खरिपात मिळता मिळत नव्हती, त्यामागं चीननं निर्यातीवर घातलेला अंकुश होता. तूर मोझांबिकमधून येते, त्यासाठी २०१६ पासून दोन सरकारांमध्ये करार आहे. सोयाबीन पडलं तेव्हा कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क मे २०२५ मध्ये अर्ध्यावर आलं होतं, २० वरून १० टक्क्यांवर. २०२२ मध्ये युक्रेनला डॉक्टरकी शिकणाऱ्या विदर्भातल्या मुलांच्या आईवडिलांना चार दिवसांत पोलंडच्या सीमेवरची नाकी पाठ झाली होती. गरज पडली की माणूस शिकतो. पण परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे, हे पोरगं अडकण्याआधी माहीत असलेलं बरं.

आणि एक धागा असा आहे की ज्याबद्दल इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा साठा. ३१ मे २०१६ ला, मध्यरात्र उलटल्यावर तिथं आग लागली, आसपासच्या गावांतली माणसं अंधारात घरं सोडून निघाली, १९ जणांचा जीव गेला. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावला जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. सीमेवर तणाव वाढला की देशभर चर्चा पाकिस्तानची होते. या भागात मात्र ती चर्चा साठ्यातली सुरक्षा, कंत्राटी मजुरांचं प्रशिक्षण आणि गावाला सूचना कशी मिळणार, इथून सुरू व्हायला हवी. लष्करी गुपितं कुणी मागत नाही. भोंगा वाजला तर कोणत्या रस्त्यानं जायचं, एवढं ग्रामसभेत लिहून मिळालं पाहिजे.

ग्रामसभेच्या ठरावानं दिल्ली हलत नाही, हे मलाही कळतं. पण ठराव हा कागद आहे, त्याला जावक क्रमांक असतो, आणि खासदाराला सभागृहात उभं राहताना असा कागद हातात लागतो. वर्ध्याचे खासदार अमर काळे आर्वीचे, म्हणजे शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाचे. कापूस त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. प्रश्न तयार करून द्यावा लागेल. अशी शुल्क-सवलत पुन्हा देण्याचा विचार आहे का? असल्यास विदर्भातल्या कोरडवाहू उत्पादकाला भरपाई काय? अमेरिकेशी झालेल्या बोलण्यांत कापूस होता का?

तीनच प्रश्न, एक पान, खाली पन्नास सह्या. लोकसभेत प्रश्न लागायला किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि हिवाळी अधिवेशन साधारणतः नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात भरतं. भाऊबीज झाली की लागा कामाला.